चाच्यांचं इंधन

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंच्या वहीवर ‘अवकाशातले चाचे : खेळाचे नियम’ असं लिहिलेलं होतं. उघडलेलं पान खोडून खोडून इतकं पातळ झालं होतं, की त्यातून मागची अक्षरं दिसत होती. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता.

“ताई, चाचे लपून येतात, एवढं लिही ना.”

“अवकाशात लपणार कुठे? इंजिनाची उष्णता महिनाभर आधी दिसते.”

“दिसू देत. मालवाहू जहाज पळणार कसं? त्याचं इंधन मोजकं. पळण्यात उधळलं, तर मुक्कामाला वेग कमी करता येणार नाही.”

“हे पटतंय. पण मग चाच्यांकडे जादा इंधन कुठून?”

“झालं! चार वर्षं हेच. तुझे चाचे म्हातारे झाले असतील.”

“खेळताना कुणी विचारलं तर?”

“विचारायला उरलंय कोण? खेळणारे सहाचे तिघे झालो. पुढच्या महिन्यात माझी बदली.”

“इंधनाचं तेवढं बसू दे.”

“मग हवेचं काढशील.”

आतून बाईंचा नंबर पुकारला. त्या उठल्या नाहीत.

“ताई, जा. दात तरी वेळेवर काढून घे.”

“रविवारी सगळ्यांना बोलाव. खेळायला बसू. इंधनाचं कुणी विचारलं, तर मला माहीत नाही म्हणून सांगेन.”