मेथीचा घोळाणा

दवाखान्यात विजयमाला एकटीच नंबरची वाट बघत बसली होती. आतून पायल बाहेर आली आणि तिच्या शेजारी बसलेल्या सोनाबाईंनी आपल्या या सुनेला जवळ बसवून घेतलं.

"काय म्हनल्या डॉक्टरीणबाई?"

"रोज कच्च्या मेथीचा घोळाणा खा म्हनल्या. मोडाची मटकी, काकडी, वरनं डाळिंब आन जवस. पाळी सुधरायला मदत हुईल."

"करून देती की मी. आनि?"

"ह्यांची बी तपासणी करायची म्हनल्या."

"शिवराजची? त्याला काय झालंय?"

"मला तरी काय झालंय, आत्या?"

सोनाबाईंनी पिशवीतनं फोन काढला.

"शिवराज, दुकान बंद कर आन दवाखान्यात ये. व्हय, तूच."

विजयमालानं बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शिवराजला बसायला जागा करून ठेवली.