पहिल्या हाकेला ओ

हसायचं तर हसा, पण अबुधाबीच्या त्या म्युझियममध्ये मी परत पाय ठेवणार नाही.

आम्ही दुबईच्या देरा भागातल्या बायका लेकीबाळींसकट दोन दिवस कला आणि इतिहास बघायला गेलो होतो. गाईडचं बोलणं ऐकू यावं म्हणून प्रत्येकीच्या कानात हेडफोन. मोती काढणाऱ्यांच्या जुन्या होडीपाशी गाईड गप्प झाली, आणि माझ्या कानात हाक आली, "शेवंते!"

शेवंती माझं माहेरचं नाव. लग्नात बदललं. इथे ते कुणालाच ठाऊक नाही, माझ्या पोरीलासुद्धा नाही. 'शेवंते' म्हणायची फक्त माझी आई, आणि ती तर केव्हाच गेली.

आमच्या गुहागरात पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. जिवंत माणूस परत हाक मारतं. दुसरं कुणी असलं, तर ओ देणाऱ्याच्या मागोमाग घरी येतं. जीव तुटत होता, तरी मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. दुसरी हाक आलीच नाही.

मी गाईडवर खेकसले, "कौन बोला अभी?"

"आंटी, माइक तो बंद है."

तेवढ्यात माझी पोरगी हेडफोन काढत म्हणाली, "मम्मी, हू इज शेवंती? कोणीच बोलेना, सो आय सेड येस."