चाळीस बिनचूक व्हायोलिनं

वैशाली, आई, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

आयुष्यभर मी माईकसमोर बसलो, पण हातात व्हायोलिन घेऊन. तोंड उघडायची वेळ कधी आली नाही. आज आली, आणि आज नेमकं डोकं तापलेलं आहे. कुणावर? त्याच्यावरच. मिलिंदवर. सेहेचाळीस हे काय जायचं वय आहे?

माझ्याआधी जे बोलले ते म्हणाले, मिलिंद शांत होता, सगळ्यांचं ऐकायचा. माफ करा, पण तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. ऐकलं असतं तर आज ही सभा भरली नसती.

मी सावंत. घाटकोपरला राहतो. तीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलं. चाळीस-पन्नास वादक एका हॉलमध्ये बसायचो. मग ही सॅम्पल आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेतात, कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवतात. मग एकच माणूस घरात बसून पट्ट्या दाबतो आणि अख्खा ऑर्केस्ट्रा वाजतो. आम्हाला फोन यायचे बंद झाले. मी व्हायोलिन कपाटावर टाकलं. सहा वर्षं पेटी उघडली नाही.

आणि एक दिवस या मिलिंदचा फोन. नाटकांना, मालिकांना पार्श्वसंगीत देणारा. म्हणजे आमची वाट लावणाऱ्यांतलाच एक. म्हणाला, काका, एका ऐतिहासिक नाटकाचं संगीत केलंय, पण खोटं वाटतंय. कुठं खोटं वाटतं ते येऊन सांगा. मी म्हटलं, सगळंच खोटं आहे, एवढं सांगायला कांदिवलीला कशाला येऊ? तरी गेलो. खरं सांगतो, त्याची जिरवायला गेलो.

लढाईचा प्रसंग ऐकवला त्याने. राग यावा इतका चांगला होता. मी म्हटलं, अरे, हा व्हायोलिनचा सूर कधीपासून चाललाय? तारेवरचा गज संपतो रे. माणसाचा हात केवढा असतो? आणि हा ट्रम्पेटवाला श्वास कधी घेणार, मेल्यावर?

त्याने सगळं वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, सुटलो. पुढच्या रविवारी परत फोन. जिथं जिथं गज वळेल तिथं तिथं त्याने सूर तोडला होता. ट्रम्पेटला श्वास दिला होता. चाळीस माणसं एका क्षणी सुरू होत नाहीत म्हणून एकेक ओळ केसभर मागेपुढे सरकवली होती. आता कसं वाटतं, काका? मी दुसरी चूक काढली. त्याच्या पुढच्या रविवारी परत फोन. मग दर रविवारी. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, तिथून कांदिवली. आमची ही म्हणायची, त्याचे घरजावई व्हा आता.

मग एकदा म्हणाला, काका, तुम्ही वाजवा. मी सांगितलं, बाबा रे, सहा वर्षं हात लावलेला नाही, हे बोट वळत नाही, चुकेन. त्यावर काय म्हणाला माहितीये?

"माझ्याकडे चाळीस व्हायोलिनं आहेत, काका. एकही चुकत नाही. तीच तर अडचण आहे."

हा असा माणूस. बोलावणं आणि अपमान एकाच वाक्यात.

त्याच्या खोलीत दाराला गोधडी टांगलेली. आवाज येतो म्हणून पंखा बंद. वरच्या मजल्यावर लाद्या कापायचं काम चाललेलं, ते थांबलं की आम्ही सुरू. एकच ओळ त्याने माझ्याकडून तेवीस वेळा वाजवून घेतली. तेवीस. मी गज खाली ठेवला आणि नाही नाही ते बोललो. वैशाली साक्षीला आहे. आणि शेवटी त्याने ठेवली कुठली? सातवी. जिच्यात माझा गज घसरला होता ती.

ती एकटी ओळ त्याने त्या चाळिसांवर ठेवली. मोठी नाही, अगदी हलकी. आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. मंडळी, ती चाळीस माणसं झाली. खुर्चीत बसलेली, श्वास घेणारी माणसं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो. नगारे जास्त आहेत, एवढंच म्हटलं.

आता शेवटचा रविवार. छातीवर हात चोळत बसला होता. चार दिवस ॲसिडिटी आहे म्हणाला. वैशाली दोनदा दारात येऊन गेली, अहो, डॉक्टरकडे चला म्हणाली. हा शेवटचा प्रसंग मिक्स करतो, मंगळवारी जातो, हे त्याचं उत्तर. आणि मला विचारतो, काका, नगारे आता कसे वाटतात?

मी काय केलं? चौसष्ट वर्षांचा मी माणूस. मी नगाऱ्यांवरून त्याच्याशी तासभर भांडलो. त्याला घाम फुटलेला मला दिसत होता. पंखा बंद आहे म्हणून असेल, असं मी म्हटलं. आणि घरी गेलो.

मंगळवारी सकाळी वैशालीचा फोन आला.

परवा निर्मात्यांनी विचारलं, राहिलेलं काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं का? म्हणून वैशालीने आणि मी त्या खोलीत जाऊन शेवटचा प्रसंग लावला. त्याच्या खुर्चीत बसवेना, उभ्यानेच ऐकला. काही राहिलं नव्हतं. नगारे बरोबर होते. व्हायोलिनं बरोबर होती. फाईल रविवारची होती. मी निघालो त्या संध्याकाळीच काम पुरं झालं होतं.

मी वैशालीला विचारलं, मग सोमवारी तो काय करत होता? ती म्हणाली, "तेच परत परत ऐकत होता. खूश होता."

एक अख्खा सोमवार, मंडळी. दवाखाना त्यांच्या गल्लीच्या तोंडाला आहे. रागवायला तरी समोर कोण आहे?

पुढच्या महिन्यात मुलुंडला नाटकाचा पहिला प्रयोग आहे. जमेल त्यांनी या. माझं नाव श्रेयात आहे. काढ म्हणालो होतो, तेही ऐकलं नाही त्याने.

आता दोन मिनिटं उभे राहूया. फोन बंद ठेवा. आणि तुमच्यात कुणाला चार दिवसांपासून ॲसिडिटी असेल, तर त्याने इथं उभं राहू नये. त्याने आत्ता उठावं आणि डॉक्टरकडे जावं. मिलिंदला चालेल. मला तर नक्कीच चालेल.

मिलिंदा, जय भीम रे.