मास्तरवरची दरखास्त

जैनथच्या नव्या मंडल कचेरीत वच्छलाबाई दाखल्यासाठी रांगेत उभी होती. परवाच पलीकडच्या गावात शाळेचं छत पडून दोन पोरी गेल्या होत्या. तिच्यापुढं त्याच गावची दोन माणसं उभी होती.

“डोमाजी, अंगठा लावा ना. साऱ्या गावानं लावला.”

“दरखास्त कोनावर हाय, बाबाराव?”

“मास्तरवर.”

“नवी शाळा मागा ना पहिले.”

“ते बी लिवलं. पन छताले भेग दिसत होती, तरी यानं लेकरं आत काऊन बसवले?”

“त्यानं नाई बसवले. पंधरा दिवस लिंबाखाली शाळा भरवत होता तो.”

“मंग आत कोनं नेलं?”

“लेकरं उन्हात बसतेत मनून गावानंच बोंब केली. तुमी बी होते.”

“मी नुसता उभा होतो. छत पडन हे कोनाले मालूम होतं?”

“मास्तरले होतं. हात जोडले त्यानं. मी मनलं, मायी नात ढोर हाय का, झाडाखाली बसाले? मीच तिचा हात धरून तिले आत नेऊन बसवलं. मंग बाकीचे लेकरं गेले.”

“हळू बोला, डोमाजी. कालच तिले माती दिली तुमी.”

वच्छलाबाईनं पदर तोंडाशी धरला. रांग पुढं सरकली. कारकुनानं कागदासाठी हात पुढं केला.

“द्या, बाबाराव, लावतो अंगठा. पन आंदी त्याच्यातलं मास्तरचं नाव खोडा. तिथं मायं लिवा.”