इस्त्रीखालची चादर

ऑपरेशनसाठी नाव पुकारायची वाट बघत तत्त्वज्ञानाचा म्हातारा प्रोफेसर बाकावर बसला होता. शेजारी लाँड्रीत जन्म घालवलेली त्याची धाकटी बहीण.

"पुन्हा सांग. तेव्हा नेमकं काय दिसलं?"

"दिसलं काहीच नाही, दादा. इस्त्री फिरवत होते. एकदम वाफ, चादर, मी, सगळं एकच झालं. भीती म्हणून उरली नाही."

"किती वेळ?"

"घड्याळ कोण बघतंय!"

"याला शब्दातीत अनुभव म्हणतात. तीस वर्षं शिकवला. मला साला एकदाही आला नाही."

"पुस्तक मिटलंस कधी?"

"टोमणे नकोत. आज फार भीती वाटतेय गं. मग काय केलंस?"

"चादर करपायला लागली. इस्त्री उचलली."

"बस्स?"

"बस्स. नाव पुकारलं तुझं. ऊठ, हात दे."

"किती गरम आहे गं तुझा हात!"

"तीस वर्षं इस्त्री धरलीय."