फेसातला अंगठा

— नाही, बंद नको करूस इतक्यात. चालू असतानाच बघ ना आधी. वेदांतच ना तू? प्रबोध म्हणालाच होता, इंटरनेटवर जाहिरात टाकलीय, वेदांत नावाचा मुलगा येईल म्हणून. अहो-जाहो नाही करत हं तुला, माझ्या प्रबोधच्याच वयाचा दिसतोस. सिडनीहून रोज त्याचा फोन — आई, गेलं का सामान, गेलं का? महिनाअखेर किल्ल्या द्यायच्यात ना फ्लॅटच्या, मग जायचं त्याच्याकडे. कोरल गेले, मासे गेले, आता टाकीत नुसतं खारं पाणी नि खाली हा पाणी साफ करायचा स्किमर. ने बाबा, सुटेन मी एकदाची. काय ती घरघर दिवसभर!

ह्यांनीच बनवला, हो. शिपयार्डात इंजिनीअर, पण घरी आले की हेच. अ‍ॅक्रिलिक कापायचं ते बाहेर कॉरिडॉरमध्ये, सगळा भुसा शेजारच्या आंटीच्या कुंड्यांत — ती ओरडायची, ‘उत्तम, माय ऑर्किड लाह!’ — की हे निघाले लिटिल इंडियात, तिच्यासाठी मिठाई आणायला. विकत मिळत नाही का हो हे, म्हटलं तर म्हणायचे, विकतच्यात काय मजा? पाण्यातली घाण फेसाबरोबर वर चढते नि त्या वाटीत पडते, एवढंच तर काम.

तो डाग? डाग नाही रे, अंगठा आहे. ह्यांचा. जोड चिकटवायला ते पाण्यासारखं पातळ औषध असतं ना, सुईने सोडतात — त्याचा थेंब ओघळला ह्या नळीत आत. शहाणा माणूस वाळू देईल की नाही? ह्यांनी हात घातला पुसायला! अ‍ॅक्रिलिक मऊ पडलेलं, उमटला अंगठा, रेघ न् रेघ. काय चिडले स्वतःवर! दुसरी नळी आणतो, ही टाकून देऊ म्हणाले.

तोवर हाच लावून ठेवला नि गेले ना आणायला. येताना बस स्टॉपवर बसले ते बसलेच. मांडीवर नळी तशीच. लोकांना वाटलं, डोळा लागलाय. पोलिसांनी आणून दिली ती मागाहून — दारामागे कागदात आहे ना, तीच. उघडली नाही मी.

पॉलिशने जाईल? जाईल की. न जायला काय झालं.

मासे नाहीत तर फेस कशाचा — हेच विचारतोयस ना? मी टाकते. माशांचं खाणं, रोज सकाळी चिमूटभर. कुजतं, मग येतो फेस. पांढरं असलं मागे की दिसतो बघ अंगठा, आतून कुणी टेकवून धरल्यासारखा. पंप थांबला की फेस खाली बसतो, नि काही म्हणजे काही दिसत नाही. मध्ये इलेक्ट्रिशियनने मेन स्विच बंद केला होता. मी इथेच फरशीवर बसून हाका मारत होते — उत्तम, उत्तम. आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती रे ह्यांना. तो बिचारा इलेक्ट्रिशियन घाबरला.

स्विचवरचा हात काढ. काढ म्हटलं ना.

ती दारामागची ने. कोरी आहे, तुझा तूच बनव. प्रबोधला सांगते मी काय ते. नाही, चहा नाही ठेवणार आता. चपला बाहेर आहेत तुझ्या. आणि दार हळू ओढ — फेस हलतो.