‘ऑलरेडी’ची जागा

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या शाळा समितीचे तहहयात चेअरमन श्रीमान भैयाजी; वर्ध्याहून अमूल्य वेळ काढून आलेले शिक्षण खात्यातले साहेब; व्यासपीठावर बसलेले, आणि तिथे जागा न मिळाल्याने पहिल्या रांगेत रुसून बसलेले समितीचे सभासद; सत्कारमूर्ती रूपराव मास्तर; बंधुभगिनींनो आणि माझ्या विद्यार्थीमित्रांनो,

मी महादेवराव, या शाळेचा ड्रिल मास्तर. इंग्रजीच्या मास्तरांना निरोप द्यायला ड्रिल मास्तरला का उभं केलं, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मलाही पडला होता. सेक्रेटरी म्हणाले, "महादेवराव, तुम्हाले इंग्रजी येत नाई, म्हणून तुम्ही वावगं काही बोलणार नाई." केवढा हा विश्वास! त्याला पात्र ठरण्याचा मी आपला प्रयत्न करतो.

प्रथम आनंदाची बातमी. रूपराव मास्तरांची प्रकृती ठणठणीत आहे. आज सकाळी ते सायकल मारत बाजारात गेले आणि वांग्यांच्या भावावरून दहा मिनिटं भांडून परत आले. तरी समितीने त्यांना प्रकृतीच्या कारणावरून, मॅट्रिकची परीक्षा तोंडावर असताना, विश्रांती दिली. मास्तर इतके भोळे, की आपण आजारी आहोत हे त्यांना समितीच्या ठरावावरून कळलं.

आता हा आजार कसा झाला, ते ऐका.

मास्तर इंग्रजी फळ्यावर कमी आणि माझ्या मैदानावर जास्त शिकवत. वाक्य लिहायचं नाही, वाक्य उभं करायचं! एक मुलगा ‘ही’, एक ‘हॅड’, एक ‘गॉन’. म्हणजे तो गेला होता. तिघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले की मास्तर माझी शिट्टी उसनी घेत, फुंकत आणि ओरडत, "ऑलरेडी, मधे घूस!" की चौथा मुलगा धावत यायचा, ‘हॅड’ आणि ‘गॉन’ यांच्या मधे शिरायचा, आणि दोघांनी त्याच्या खांद्यावर हात टाकायचे. झालं, तो आधीच गेला होता. ‘जस्ट’ आणि ‘नेव्हर’ यांचीही जागा तीच. ‘यस्टरडे’ मात्र शेपटाला. इंग्रजांनी इथून जाताना बाकी सगळं नेलं, ही शिस्त तेवढी आपल्या गळ्यात ठेवून गेले.

आपल्या बोलीत हा त्रास आहे का? आधीच गेला होता म्हणा, नाही तर गेला होता आधीच म्हणा, कोण विचारतो? आणि आपण इकडची माणसं तर ‘गेलता’ म्हणून मोकळे होतो. दोघांच्या मधे तिसऱ्याला शिरायला फटच ठेवत नाही.

मास्तर हजेरीच्या क्रमाने शब्द वाटत. एक दिवस ‘ऑलरेडी’ चिंधूच्या वाट्याला आला. चिंधू आपल्या खालच्या वस्तीतला. गेल्या ऑक्टोबरात आईबरोबर नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आलेला. ‘हॅड’ होता प्रभाकर, आपल्या अध्यक्षमहाराजांचा सख्खा पुतण्या. शिट्टी वाजली, चिंधू मधे शिरला, प्रभाकरने त्याच्या खांद्यावर हात टाकला, मुलांनी टाळ्या पिटल्या. मला वाटलं, तास संपला. कसचं काय! दिवेलागणीपर्यंत गावभर झालं.

लगेच समिती बसली. शिट्टी माझी, मैदान माझं, म्हणून मलाही बोलावलं. भैयाजी, आपल्याला आठवत असेल, आपण फार प्रेमाने बोललात. "मास्तर, पोरगं शिकावं हे आमचंच म्हणणं आहे. गांधी जयंतीले अस्पृश्यतेवर भाषण कोणं देल्लं? म्यांच ना? पण तुमचा हा ऑलरेडी मधातच काऊन पाहिजे? शेवटी उभा राह्यला तं काय बिघडते?" आणि लगेच ठराव झाला, की या शाळेपुरता ‘ऑलरेडी’ वाक्याच्या शेवटी उभा राहील. वा! आत्ताच नाही का आपला अख्खा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला? मग एका शब्दाला हलवायला किती वेळ लागतो?

रूपराव मास्तर शांतपणे म्हणाले, "भैयाजी, तो शब्द शेवटीही चालतो कधी कधी. मी तेही शिकवीन. पण त्या दिवशी ज्याच्या वाट्याला तो शब्द येईल, तो शेवटी जाईल. प्रभाकरच्या वाट्याला आला तं प्रभाकर जाईल. जागा शब्दाची असते, पोराची नाई."

मग सेक्रेटरी चिंधूच्या आईकडे, सीताबाईंकडे गेले. बाई कापूस वेचत होत्या. पोराला मागे उभं करा असं तुम्हीच मास्तरांना सांगा, म्हणाले. बाई काय म्हणाल्या, ते सेक्रेटरी समितीत सांगायला विसरले, म्हणून मी सांगतो. "मांगं उभं राहून राहून आमच्या पिढ्या गेल्या, साहेब. आता मास्तरनं मधात बोलावलं, तं माहं पोरगं मधातच उभं राहीन."

त्याच आठवड्यात मास्तरांची प्रकृती बिघडली.

सीताबाई आज आल्या आहेत. त्या पाहा, मागे दाराशी उभ्या आहेत. खुर्च्या कमी पडल्या म्हणे. इथे पुढे तर एका खुर्चीवर नुसते हार बसलेले मला दिसतात. बाई, या, पुढे बसा. हार मी धरतो. या हो, लाजू नका.

हं, बसल्या. आता फोटोचं सांगतो. सभा संपल्यावर मैदानावर रिवाजाप्रमाणे ग्रूप फोटो आहे. मुलांना रांगेत लावायचं काम माझं. सेक्रेटरींनी बजावलं होतं, काही मुलं टोकाला घ्या. मी रांग लावली आहे. खुर्च्यांच्या मागे मधोमध चार मुलं उभी आहेत, ‘ही हॅड नेव्हर बाउड’. वाक्य मुलांनीच केलं. मला अर्थ विचारून घ्यावा लागला. ते कधीच वाकले नव्हते, असा अर्थ आहे म्हणे. त्यातला ‘नेव्हर’ चिंधू आहे, आणि ‘हॅड’ पुन्हा प्रभाकरच.

मी प्रभाकरला बाजूला घेऊन म्हटलं, "बाबू, काका समोर खुर्चीत बसणार. तुले पाहिजे तं दुसरा शब्द घे." पोरगं मलाच म्हणतं, "मी हटलो तं चिंधूच्या खांद्यावर हात कोण ठेवीन, सर?" मी त्याला त्याच्या जागेवर उभं केलं.

अध्यक्षमहाराज, आपली खुर्ची त्या दोघांच्या बरोबर पुढे मांडली आहे. फोटो ऑफिसात आपल्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लागेल, आणि कोण कुठे उभं होतं हे त्यात कुठल्याच ठरावाने बदलता येणार नाही.

आपण सर्वांनी माझं बोलणं सहन केलंत, साहेब वर्ध्याची गाडी चुकवून बसले, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर अडाणी ड्रिल मास्तर समजून पोटात घालावं. बाहेरच्या रांगेबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही, तिथे प्रत्येक जण आपल्या जागेवर आहे.

मास्तर, ही घ्या शिट्टी. चला बाहेर, मुलं वाट पाहून राह्यली. आजही तुम्हीच वाजवा.